व्हॉल्या, डोहाळे आणि चिंचेची बाटली

परवा लेकीला स्विमिंगला घेऊन गेले होते, कपडे बदलायच्या खोलीत एका बाईचं लक्ष तिच्या डाव्या पोटरीकडे गेलं. तिथं एक तपकिरी डाग आहे, साधारण चिंचोक्याएवढा. त्या बाईने अगदी सहज इटालियनमधे विचारलं, "ए ऊना व्हॉल्या? दी कॉझा?" म्हणजे ही व्हॉल्या आहे का, कशाची? मी म्हटलं, "दी तामारिन्दो." चिंचेची. तिने मान डोलावली, म्हणाली माझी खांद्यावर आहे, स्ट्रॉबेरीची, आणि बाही वर करून दाखवलीसुद्धा. दोन मिनिटांचं बोलणं, पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यातून जाईना, कारण सात वर्षांपूर्वी हाच प्रश्न कोणी विचारला असता तर मला त्यातला एकही शब्द अडला नसता आणि तरी प्रश्न कळला नसता.

तेव्हा माझ्या वहीत लिहिलेलं होतं: व्हॉल्या म्हणजे डिझायर, इच्छा. बास, एवढंच. आणि या एका ओळीमुळे मी कितीतरी दिवस हा शब्द चुकीच्या ठिकाणी वापरत होते आणि बरोबर ठिकाणी वापरायला घाबरत होते. म्हणून आज या एकाच शब्दावर लिहायचं ठरवलंय. इटालियन शिकणारे मराठी लोक आता बरेच झालेत, मिलानला शिकायला येणारी मुलं तर भरपूर दिसतात, कुणाला तरी उपयोग होईल.

मी पुण्याहून इटलीतल्या तोरीनोला, म्हणजे इंग्रजीतलं ट्युरिन, आले २०१६ मधे, गाड्यांच्या डिझाइनमधलं काम. ऑफिसात सगळं इंग्रजीत चालायचं त्यामुळे पहिली दोन वर्षं इटालियन म्हणजे बाजारापुरतं आणि बसपुरतं. मग २०१८ च्या सप्टेंबरात मी मोठ्या माणसांच्या सरकारी शाळेत नाव घातलं, इथे प्रत्येक प्रांतात अशा शाळा असतात, संध्याकाळी भाषेचे वर्ग भरतात, फी जवळजवळ नाहीच. कायमचं राहण्याचं कार्ड हवं असेल तर ए-टू लेव्हलची, म्हणजे जुजबी भाषेची, परीक्षा लागते, आणि त्याच वर्षी डिसेंबरात नागरिकत्वासाठी त्याच्या वरची बी-वन लेव्हल सक्तीची झाली, त्यामुळे वर्ग गच्च भरलेले. माझ्या बाकावर एक मोरोक्कोची बाई, मागे पेरूची दोघं नवराबायको, पुढे तीन बांगलादेशी मुलं, खिडकीशी एक चिनी आजोबा. आणि मी तिसऱ्या महिन्यात, हे वर्गात अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

आधी उच्चार. स्पेलिंगमधे जी आहे पण ग म्हणायचा नाही. जी, एल आणि आय एकत्र आले की जिभेचा मधला भाग टाळूला चिकटवायचा आणि ल्य म्हणायचं, आणि दोन स्वरांच्या मधे आलं तर जरा दाबून, ताणून. आपण कल्याण म्हणतो ना, कागदावर ल्या असतो पण तोंडातून कल्ल्याण येतं, तसंच हे व्हॉल्ल्या. वर्गात बाकीच्यांचे हाल होत होते, कुणी व्होग्लिया म्हणायचं कुणी व्होलिया, आणि बाईंनी मला म्हणायला सांगितलं तर एका झटक्यात जमलं, त्या दिवशी मला कल्याण स्टेशनची एवढी आठवण आली की काय सांगू. लसूण म्हणजे आल्यो, मुलगा म्हणजे फील्यो, बायको म्हणजे मोल्ये, पान म्हणजे फॉल्या, हे सगळे याच घरातले आवाज. मराठी माणसाने इथे मागे राहायचं कारणच नाही.

आता वापर. व्हॉल्या आली आहे व्होलेरे या क्रियापदावरून, व्होलेरे म्हणजे हवं असणं. व्हॉल्यो म्हणजे मला हवंय. पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हे व्हॉल्यो, आणि मग बाई बजावतात की बारमधे जाऊन व्हॉल्यो उन काफ्फे म्हणू नका, ते हट्ट केल्यासारखं वाटतं, व्होर्रेई म्हणा, म्हणजे मला हवी होती अशा अर्थाने. ते ठीक. मग येतं अव्हेरे व्हॉल्या दी, शब्दशः बघितलं तर अमुकची व्हॉल्या बाळगणं. ऑ व्हॉल्या दी उन जेलातो, मला आइस्क्रीम खावंसं वाटतंय. नॉन ऑ व्हॉल्या, मला नाही इच्छा. आणि ज्याची इच्छा नाही ते आधीच बोलून झालं असेल तर मधे एक छोटासा ने घालायचा, नॉन ने ऑ व्हॉल्या, त्याची इच्छा नाही. हा ने विसरला तरी समोरच्याला कळतं पण कानाला खटकतं.

इथे माझी गाडी अडली ती अशी. डिझायर हा इंग्रजी शब्द मोठा आहे, वजनदार आहे, त्यामुळे मला वाटायचं व्हॉल्या पण मोठ्या गोष्टींसाठी. माझी इटलीभर फिरायची व्हॉल्या आहे, माझी घर घ्यायची व्हॉल्या आहे, अशी वाक्यं मी निबंधात लिहायचे. बाई त्यावर लाल गोल करायच्या आणि वर देझिदेरियो लिहायच्या. मला कळायचं नाही का. व्याकरण तर बरोबर आहे. त्यांनी एकदा समजावलं की देझिदेरियो लांबचा असतो, दहा ऑगस्टच्या रात्री, सान लोरेन्झोच्या रात्री, तारा तुटताना बघून लोक मनात धरतात तो देझिदेरियो, त्या शब्दाच्या पोटातच लॅटिन तारे आहेत. आणि व्हॉल्या? बाईंनी पोटावर हात ठेवला, मग घशावर, आणि म्हणाल्या, व्हॉल्या इथे असते.

मला तेव्हा अर्धंच कळलं. पूर्ण कळलं ते "मी ए व्हेनूता व्हॉल्या" या वाक्याने, आणि ते सुद्धा इंग्रजी सोडून मराठीत ऐकलं तेव्हा. इटालियनमधला मी म्हणजे मला. ए व्हेनूता म्हणजे आली. मी ए व्हेनूता व्हॉल्या दी काफ्फे. मला कॉफीची तल्लफ आली. शब्दाला शब्द! मी बसमधे होते, शेजारच्या मुलीने फोनवर हे वाक्य म्हटलं आणि माझ्या कानात ते थेट मराठीत पडलं, मधे इंग्रजी आलंच नाही. इंग्रजीत आय फील लाइक म्हणताना मी कर्ता असते, मी काहीतरी करतेय. इथे व्हॉल्या कर्ता आहे, ती येते, मी नुसती बसलेली असते आणि ती माझ्याकडे येते. आपल्याकडे तहान लागते, झोप येते, आठवण येते, तल्लफ येते, आपण काही करत नाही, होतं. आणि व्हेनूता मधला शेवटचा आ बघा, व्हॉल्या स्त्रीलिंगी म्हणून व्हेनूता, जसं तल्लफ आली, आला नाही. हे लक्षात आल्यावर मी त्या रात्री वहीतली ती डिझायरची ओळ खोडली आणि शेजारी मराठी शब्द लिहीत गेले. इच्छा, तल्लफ, हौस, लहर, हुक्की, ओढ, खुमखुमी. सगळेच्या सगळे स्त्रीलिंगी निघाले. हे मी कधी बघितलंच नव्हतं, चाळीशीला आलेली मराठी बाई आणि स्वतःच्या भाषेतली ही गोष्ट एका इटालियन शब्दाने दाखवली.

तर ही व्हॉल्या येते आणि जाते. मी ए पास्साता ला व्हॉल्या, माझी इच्छाच गेली, समोरच्याने नको ते बोलून मूड घालवला की हे म्हणतात. ऊना व्हॉल्या मात्ता म्हणजे वेडी व्हॉल्या, फार म्हणजे फारच वाटणं. मोरीरे दाल्ला व्हॉल्या, व्हॉल्येने मरणं, आपण म्हणतो जीव नुसता टांगणीला लागलाय तुला भेटायला, तसं. तोल्येर्सी ला व्हॉल्या म्हणजे हौस फेडून घेणं. मालाव्हॉल्या आणि कोन्त्रोव्हॉल्या म्हणजे मनाविरुद्ध, नाइलाजाने, कपाळाला आठ्या घालून. झ्व्होल्यातो म्हणजे ज्याच्यातली व्हॉल्याच काढून घेतलीय असा, शाळेत शिक्षक हमखास वापरतात, मुलगा हुशार आहे पण झ्व्होल्यातो आहे, मन लावत नाही. एक म्हण पण आहे, व्हॉल्या दी लाव्होरारे साल्तामी आद्दॉस्सो, अगं कामाच्या हौशी, ये आणि माझ्या अंगावर उडी मार. पुढचा अर्धा भाग असा की आणि मला होईल तितकं कमी काम करू दे. सोमवारी सकाळी ऑफिसात ही म्हण ऐकू येतेच.

जुन्या काळातला एक वापर मला फार लक्षात राहिलाय. वल्ह्यांच्या मोठ्या युद्धनौका असायच्या त्यावर बहुतेक गुलाम आणि कैदी साखळीने बांधलेले, पण काही गरीब माणसं पगारासाठी आपणहून वल्हवायला यायची, त्यांना बुओनाव्हॉल्या म्हणायचे, म्हणजे राजीखुशीने आलेला. पोटासाठी आलेल्या माणसाला राजीखुशीचा म्हणणं, हे वाचून मला बराच वेळ काही सुचलं नाही.

आणि एक सांभाळायची गोष्ट. ऑ व्हॉल्या दी व्हेदेर्ती, तुला बघावंसं वाटतंय, भेटावंसं वाटतंय, हे मैत्रिणीला बिनधास्त म्हणा. पण क्रियापद गाळून नुसतं ऑ व्हॉल्या दी ते म्हटलं तर अर्थ पार बदलतो, ते फक्त नवराबायकोत, प्रेमात. अनेकवचनी व्हॉल्ये पण तशीच, संदर्भ बघून तिचा अर्थ थेट वासना होतो. आणि इथे मला माझी आजी आठवली. कराडला आजी आजारी असताना म्हणायची, "अन्नावर वासनाच नाही गं." लहानपणी आम्हाला काही वाटायचं नाही, पुढे शहरात वासना या शब्दाचा एकच अर्थ उरला आणि आजीचं वाक्य चारचौघात म्हणायची चोरी झाली. पण मला विचाराल तर व्हॉल्याच्या सगळ्यात जवळचा मराठी शब्द इच्छा नाही, आजीची वासना आहे. जेवणावर असते तीही तीच आणि माणसावर असते तीही तीच, आणि आजारपणात उडते. व्हॉल्या पण अशीच अंगात राहणारी आहे.

रोजच्या बोलण्यात व्हॉल्याची एक धाकटी बहीण पण ऐकू येते, "ती व्हा?" म्हणजे शब्दशः तुला जातं का. ती व्हा उन काफ्फे? आपण नाही का म्हणत, कॉफी चालेल का? त्यांच्याकडे जाते आपल्याकडे चालते एवढाच फरक. नवीन माणसाला विचारायला हे सोपं, हलकं.

आता डोहाळ्यांकडे येते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

ऑक्टोबरात मला चिंच पाहिजे झाली. साधी चिंच नाही, शाळेबाहेर मिळायची ती, चिंच गूळ मीठ तिखट जिरं एकत्र चेचून गोळा करून काडीला लावलेली. रात्री दोनला जाग यायची आणि जिभेच्या कडेला पाणी सुटलेलं असायचं. पोर्ता पालात्झोच्या बाजारात, इथला सगळ्यात मोठा उघड्यावरचा बाजार, बांगलादेशी दुकानात चिंचेचा दाबलेला गोळा मिळाला, पण तो काळा, चिकट, जुना, त्याला तो आंबटपणा नाही. मी तसाच खात बसायचे, जिन्यात बसून सुद्धा.

आमच्या बिल्डिंगमधे दुसऱ्या मजल्यावर एक सिन्योरा राहतात. मूळच्या पूल्याच्या, म्हणजे नकाशात इटलीचा बूट दिसतो त्याच्या टाचेकडचा भाग, १९६२ मधे दहा वर्षांच्या असताना आईवडलांबरोबर इथे आल्या, त्या काळात दक्षिणेतून गाड्यांच्या कारखान्यात कामाला येणाऱ्यांच्या आगगाड्या भरभरून तोरीनोला यायच्या. त्यांनी मला जिन्यात बघितलं, हातातला काळा गोळा बघितला, आणि विचारलं, "आय ले व्हॉल्ये?" तुला व्हॉल्या होतायत का? अनेकवचनात. मला वाटलं विचारतायत की तुझ्या इच्छा काय आहेत, मी थांबले, मी नोकरीबद्दल काहीतरी सांगायला लागले. त्यांनी माझ्या पोटाकडे बोट केलं. मग कळलं. नवऱ्यानंतर त्या बिल्डिंगमधे हे ओळखणाऱ्या त्या पहिल्या. ले व्हॉल्ये म्हणजे डोहाळे.

आणि पुढचं वाक्य त्यांनी फार घाईने म्हटलं, "नॉन तोक्कार्ती ला फाच्चा!" तोंडाला हात लावू नकोस. मी गाल पुसत होते, चिंच लागली होती. त्यांनी माझं मनगट धरून खाली आणलं आणि समजावलं, बाईला काही खावंसं वाटलं आणि ते मिळालं नाही आणि त्या वेळी तिने अंगाला जिथे हात लावला तिथे बाळाच्या अंगावर त्या पदार्थाचा डाग उठतो. म्हणून हात लावायचाच तर मागे लाव, बसायच्या जागी, तिथे कुणाला दिसत नाही. हे त्या इतक्या गंभीरपणे सांगत होत्या की मी खरंच हात मागे नेला. आणि त्या डागाला पण नाव तेच, व्हॉल्या. लाल असेल तर व्हॉल्या दी फ्रागोला, स्ट्रॉबेरीची. तपकिरी असेल तर काफ्फेलात्तेची, दूधकॉफीची. जांभळट असेल तर वाइनची.

मी हे दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, म्हणजे वर्गाला बातमी पण त्यातूनच कळली. बाईंनी फळ्यावर व्हॉल्या लिहून खाली दोन बाण काढले, एक डोहाळ्यांकडे एक डागाकडे. तर पेरूची बाई मागून ओरडलीच, "अँतोहो!" स्पॅनिशमधे अँतोहो म्हणजे डोहाळा आणि अँतोहो म्हणजे जन्मखूण पण. मोरोक्कोची बाई म्हणाली अरबीत वहम म्हणजे डोहाळे आणि वहमा म्हणजे डाग, आणि फ्रेंचमधे आँव्ही, तिथेही दोन्हीला एकच शब्द. भूमध्य समुद्राच्या चारी बाजूंच्या बायका एकच गोष्ट मानत आल्या आणि प्रत्येक भाषेने ती शब्दात जपून ठेवली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, तुमच्याकडे काय.

आमच्याकडे डोहाळे वेगळे आणि जन्मखूण वेगळी. पण मी सांगितलं की आजी म्हणायची डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात. आणि डोहाळे हा शब्द ज्या संस्कृत दौहृद वरून आलाय त्यात दोन हृदयं आहेत, आयुर्वेदात म्हटलंय की चौथ्या महिन्यात बाईच्या अंगात दोन हृदयं असतात आणि जे मागतं ते दुसरं हृदय मागत असतं, म्हणून नाही म्हणायचं नाही, नाहीतर मूल व्यंग घेऊन जन्मतं. माझ्या मोडक्या इटालियनमधे मी दूए कुऑरी, दोन काळजं, असं म्हटलं आणि वर्ग एकदम शांत झाला. चिनी आजोबांनी वहीत लिहून घेतलं. डोहाळजेवण समजावताना मात्र माझ्याकडे शब्द संपले, चांदण्यातलं, नावेतलं, फुलांच्या वाडीचं, हे कसं सांगणार, शेवटी मी फोनवर वहिनीच्या डोहाळजेवणाचे फोटो दाखवले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. सिन्योरा दारात, हातात काचेची बाटली, आत काळपट लाल सिरप. तामारिन्दो. मला माहीतच नव्हतं की इटलीत चिंचेचं सरबत पितात, जुनं आहे, पूर्वी औषधाच्या दुकानात मिळायचं, त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यात पाण्यात घालून द्यायचे. तामारिन्दो हा शब्द अरबीतून आलाय, तमर हिंदी, हिंदुस्थानी खजूर. म्हणजे माझ्याच देशाचं नाव घेऊन माझी चिंच इथे शेकडो वर्षं आधी येऊन बसली होती. त्यांनी स्वतःच्या हाताने ग्लासात दोन बोटं सिरप ओतलं, गार पाणी घातलं, चमच्याने ढवळलं, लिंबाची एक फोड वर पिळली आणि मी सगळं पिऊन होईपर्यंत उभ्या राहिल्या. गोड होतं, फार गोड, काडीवरच्या गोळ्याच्या जवळपास पण नाही. तरी घोट गिळल्यावर मागून जिभेवर जो आंबट येतो तो चिंचेचाच होता. मी रडले. त्या म्हणाल्या, "व्हॉल्या पास्साता?" मी हो म्हटलं. खरं तर गेली नव्हती.

सिन्योरांकडूनच मी व्हॉल्याचा शेवटचा आणि सगळ्यात अवघड वापर शिकले. आय व्हॉल्या! पुस्तकाप्रमाणे याचा अर्थ तुला इच्छा आहे. मी त्यांना विचारलं होतं पूल्याला उन्हाळ्यात खूप गरम होतं का, तर त्या म्हणाल्या आय व्हॉल्या! मी उत्तर दिलं, हो, मला यायची इच्छा आहे. त्या गोंधळल्या. मग सांगितलं की याचा इच्छेशी संबंध नाही, याचा अर्थ हो तर! विचारू नकोस! रोमकडे तर त्याचं आव्होया होतं, पटकन तोंडातून निसटतं. आणि त्याच्यापुढे आ लावून क्रियापद आलं की अर्थ पुन्हा वळतो. मी परमिटच्या नूतनीकरणासाठी एका ऑफिसला आठवडाभर फोन करत होते, कोणी उचलत नव्हतं, सिन्योरा म्हणाल्या, "आय व्हॉल्या आ तेलेफोनारे." म्हणजे कर हवे तेवढे फोन, बस करत, कोणी घेणार नाही. मराठीत आपण सुराने जे करतो ते इथे व्हॉल्या करते. हे दोन्ही वापर कानाने शिकावे लागतात, मी अजूनही बोलताना पहिलाच वापरते, दुसरा वापरायची हिंमत जरा कमीच होते.

मार्चच्या शेवटी कळा सुरू झाल्या. इथे कळांना म्हणतात दॉल्ये. आधी व्हॉल्ये मग दॉल्ये, एका अक्षराचा फरक, सिन्योरांनी हे मला सहाव्या महिन्यातच म्हणून दाखवलं होतं. दॉल्ये लॅटिनमधल्या दुखण्याच्या शब्दावरून आलाय, आपल्या डोहाळ्यांशी त्याचं काही नातं नाही, पण हॉस्पिटलात नर्स विचारायची दॉल्ये किती मिनिटांनी येतायत आणि मला प्रत्येक वेळी डोहाळेच ऐकू यायचं. बारा तास तसं ऐकत काढले.

मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी अंग पुसताना डाव्या पोटरीवर तो डाग दिसला. डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले काफ्फेलात्ते डाग आहे, रंगद्रव्य तिथे जास्त आहे, एकच आहे तर काळजीचं काही नाही, बरेच असते तर तपासलं असतं. हा काफ्फेलात्ते शब्द डॉक्टर वापरत होते वैद्यकीय म्हणून आणि सिन्योरा वापरत होत्या डोहाळ्यांचा म्हणून. डोहाळ्यांचा आणि डागाचा काही संबंध नसतो हे मला माहितीय, मी कुणाला मानायला सांगत नाही. पण सिन्योरा बघायला आल्या, चष्मा लावला, पाय हातात घेतला आणि म्हणाल्या ही कॉफी नाही, ही तामारिन्दो आहे, मी बाटली उशिरा आणली. त्यांच्या आवाजात खरंच वाईट वाटलेलं होतं. मी त्यांना सांगितलं, जिन्यात बसले होते तेव्हा मी पोटऱ्याच दाबत होते, पायात गोळे यायचे ना. त्यांनी मान हलवली, म्हणजे बरोबर.

आईला व्हिडिओवर दाखवला तर आई म्हणाली, "लासं आहे गं, तुझ्या आत्याला पण होतं." लासं. हा शब्द मी विसरलेच होते, जन्मखूण हे पुस्तकातलं, घरात आम्ही लासंच म्हणायचो. म्हणजे लेकीच्या पोटरीवरच्या त्या चिंचोक्याएवढ्या जागेला तीन नावं आहेत आणि ती तिन्ही तिला येतात. आता सहा वर्षांची आहे, मराठी-इटालियन मिसळून बोलते, होमवर्कला बस म्हटलं की म्हणते, "आई, मला व्हॉल्या नाही येत आहे." वाक्य मी दुरुस्त करत नाही. दोन्ही भाषांत ते बरोबरच आहे.

मागच्या उन्हाळ्यात सिन्योरांच्या गॅलरीत बसलो होतो, लेक त्यांना नॉन्ना म्हणते, आजी. तिने त्यांच्या मानेवर, केसांच्या खाली, एक लाल गोल डाग बघितला. सात वर्षांत माझ्या नजरेला कधी पडला नव्हता, त्या केस खाली सोडतात. तिने विचारलं, "नॉन्ना, दी कॉझा?" त्यांनी मानेवर हात फिरवला. चेरीची, म्हणाल्या. त्यांची आई त्यांच्या वेळेला हिवाळ्यात दुसऱ्यांच्या ऑलिव्हच्या बागेत वेचायला जायची, दिवसभर वाकून, मान भरून यायची आणि ती मागे हात नेऊन मान चोळायची, आणि तिला चेरी हव्या होत्या. घरी सगळ्यांना सांगायची, मला चेरी द्या. आमच्या गावाला चेरीची झाडं होती की, सिन्योरा म्हणाल्या, भरपूर होती. पण डिसेंबरात चेरी कुठून आणणार.

लेकीने चटकन आपली पोटरी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि दोघी बराच वेळ एकमेकींच्या व्हॉल्या बघत बसल्या.